गणिताला प्रयोगशाळा लागत नाही

वर्धा जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे सेवाग्राम, पवनार आणि मगनवाडी ही नावे पाठोपाठ येतात. गणित हा विषय त्यांच्या आसपास कोणाला आठवत नाही. वस्तुतः आठवावा असे काही आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेनंतर झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा जो आराखडा तयार केला, त्यात अंकगणिताची सांगड हस्तोद्योगाशी घातलेली होती; टकळीवर निघालेले सूत मोजता मोजता मुलाला हिशेब यावा, अशी ती कल्पना. विनोबांना गणिताची केवढी ओढ होती, हे त्यांच्या सहवासात राहिलेल्यांनी लिहून ठेवलेच आहे. भूदानात त्यांनी पाच कोटी एकर मागितले तेही तीस कोटींचा सहावा हिस्सा अशा रोखठोक हिशेबाने. अशा या जिल्ह्यात आज गणितात संशोधन करू पाहणाऱ्या माणसाने पुस्तके आणि शोधनिबंध कोठून मिळवावेत, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटेल. सार्वजनिक पैसा कोणासाठी खर्च होतो, या मोठ्या प्रश्नाचे ते एक टोक आहे.

आर्वी, हिंगणघाट, पुलगाव किंवा देवळी येथील एखाद्या महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या तरुण अध्यापकाची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. नागपूर विद्यापीठात त्याची पीएच.डी.साठी नोंदणी झालेली आहे. विश्वरचनेची गणिती प्रतिमाने, तापलेल्या धातूच्या पट्टीतील ताण, असा काही विषय त्याला मिळालेला आहे. नोकरी बहुधा तासिका तत्त्वावरची, म्हणजे जेवढे तास शिकवले तेवढ्याच तासांचे मानधन देणारी. पूर्णवेळ पद कधी भरले गेलेच, तर त्यासाठी प्रबंध आणि प्रसिद्ध झालेले शोधनिबंध यांची मागणी होणार, हे त्याला ठाऊक आहे. तो मोबाइलवर आपल्या विषयाचा शोध घेतो. निबंधाचे शीर्षक दिसते, लेखकाचे नाव दिसते, दहा ओळींचा गोषवारा दिसतो आणि तेथेच दार बंद होते. पुढे वाचावयाचे असेल तर तीस-चाळीस डॉलर भरा. एका निबंधाची किंमत काही तासिकांच्या मानधनाइतकी, आणि एका प्रबंधासाठी असे शे-दीडशे निबंध तरी चाळावे लागतात. नागपूरला जाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसावे म्हटले, तर आर्वीहून ते शंभरएक किलोमीटर दूर. एक दिवस गेला म्हणजे त्या दिवसाच्या तासिका गेल्या, आणि त्यांचे मानधनही गेले.

रसायनशास्त्राच्या संशोधकाला उपकरणे लागतात, भौतिकशास्त्राच्या संशोधकाला कोट्यवधींची यंत्रे लागतात. ती आर्वीत नाहीत याची खंत वाटली तरी ती कोणी उद्या आणून देईल अशी अपेक्षा करता येत नाही. गणिताला प्रयोगशाळा लागत नाही. कागद, पेन्सिल, सवड आणि आपल्या आधी कोणी काय सिद्ध केले याची माहिती, एवढ्यावर हे शास्त्र चालते. पहिल्या तीन गोष्टी आर्वीत मिळतात (सवडीबद्दल तासिकावाल्यांचे मत वेगळे पडेल). चौथी मिळत नाही. सर्व विज्ञानांत जे सर्वांत स्वस्त, जे तालुक्याच्या गावी सर्वांत सहज रुजू शकले असते, तेच केवळ वाचनसाहित्याच्या अभावी तेथे रुजत नाही. गणितात जुने कामही शिळे होत नाही. साठ वर्षांपूर्वीचा वैद्यकातील निबंध आज इतिहासात जमा होतो. साठ वर्षांपूर्वी सिद्ध झालेले प्रमेय मात्र आजही प्रमेयच असते. म्हणून गणिताच्या अभ्यासकाला चालू वर्षाची नियतकालिके मिळून भागत नाही, मागची सगळी लागतात.

ही अडचण आजची नाही, आणि तिच्यावरचा पहिला सामुदायिक उपाय महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला होता. १९०६ च्या डिसेंबरात व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टराने आपल्या गणितप्रेमी मित्रांपुढे एक योजना मांडली. परदेशी गणिती नियतकालिके एकट्याला परवडत नाहीत, तेव्हा सर्वांनी मिळून वर्गणी काढावी, नियतकालिके आणि पुस्तके मागवावीत आणि ती टपालाने एकमेकांकडे फिरवावीत. एप्रिल १९०७ मध्ये वीसएक सभासदांनिशी ही मंडळी एकत्र आली. त्यांचे ग्रंथालय पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले आणि त्याची जबाबदारी रँग्लर र. पु. परांजपे यांच्याकडे आली. हीच मंडळी पुढे इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी झाली. भारतातील गणितज्ञांची ही पहिली मोठी संघटना व्याख्यानांसाठी किंवा सत्कारांसाठी निघालेली नव्हती. वाचावयास मिळावे एवढ्यासाठी ती निघाली होती. दूरच्या गावच्या सभासदाला पुण्याहून टपालाने नियतकालिक मिळे, त्याने ते वाचून पुढे पाठवावयाचे. मासिके फिरवणाऱ्या वाचनमंडळासारखाच हा प्रकार होता. याच संस्थेच्या नियतकालिकात १९११ साली रामानुजनांचे पहिले लेखन प्रसिद्ध झाले.

रामानुजनांचे नाव या संदर्भात नेहमी उलट्या बाजूने घेतले जाते. त्यांच्याजवळ कोठे ग्रंथालय होते, असे विचारले जाते. कुंभकोणमला असताना कार नावाच्या एका शिकवणी घेणाऱ्या इंग्रजाने जमवलेल्या सूत्रांचे एक जुने पुस्तक त्यांच्या हाती लागले आणि तेवढ्यावर ते रामानुजन झाले, हे खरे आहे. परंतु भारतात असताना त्यांनी शोधलेल्यापैकी मोठा भाग युरोपात आधीच शोधला गेला होता, असे त्यांच्या इंग्लंडमधील सहकारी हार्डी यांचेच मत होते. अलौकिक बुद्धीचा एक माणूस आपल्या आयुष्यातील उमेदीची वर्षे दुसऱ्यांनी ओलांडलेल्या डोंगरावर पुन्हा चढण्यात घालवतो, याचे कारण त्याच्या गावी पुस्तके नव्हती. यात अभिमान बाळगण्यासारखे काय आहे?

देवळालीच्या द. रा. कापरेकरांच्या बाबतीतही तेच घडले. शाळेत शिकवणाऱ्या या माणसाने १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म जगापुढे ठेवला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. हेच पुन्हा पुन्हा करावे. ३५२४ पासून ३०८७, तेथून ८३५२, तेथून ६१७४. आणि एकदा येथे पोचले की पुढे तीच संख्या येत राहते. कोठूनही निघा, सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. कापरेकरांनी आपले पुष्कळसे काम स्वतःच्या खर्चाने पुस्तिका छापून प्रसिद्ध केले. देशातील विद्वानांनी त्यांना फारसे मोजले नाही. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील ‘सायंटिफिक अमेरिकन’ मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा येथे त्यांचे नाव झाले. त्यांची चिकाटी वंदनीय आहे. पण ‘कापरेकरांना कोठे ग्रंथालय लागले’ हे वाक्य शासनाच्या आणि संस्थाचालकांच्या तोंडी येते तेव्हा ते कौतुक राहत नाही, ती पळवाट होते. अंकांच्या गमतीजमतींत एकट्याला पुष्कळ दूर जाता येते. आधुनिक बीजगणितात किंवा सापेक्षतावादात आधीचे वाङ्मय न वाचता दोन पावलेही टाकता येत नाहीत.

हे वाङ्मय इतके महाग का, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. विदर्भातला कापूस आठवला तरी पुरे. हिंगणघाटच्या कापसाला एके काळी लिव्हरपूलच्या बाजारात स्वतःचे नाव होते. येथून कच्चा कापूस स्वस्तात जाई आणि तिकडून कापड होऊन महाग परत येई. शोधनिबंधांचा व्यवहार याच वळणाचा आहे, किंबहुना त्याहून वाईट. कारण कापसाला थोडीबहुत तरी किंमत मिळे. अध्यापक निबंध लिहितो, त्याचा पगार शासन देते. निबंध प्रकाशकाकडे जातो, फुकट. त्याची तपासणी दुसरा अध्यापक करतो, फुकट. गणितात तर अक्षरजुळणीही बहुधा लेखक स्वतःच संगणकावर करून देतो. आणि मग हाच निबंध प्रकाशक त्याच अध्यापकाच्या महाविद्यालयाला विकतो. एल्सव्हिअर या सर्वांत मोठ्या प्रकाशनगृहाचा नफा विक्रीच्या शेकडा तीसहून अधिक असतो. कापूस एकाने नेला म्हणजे दुसऱ्यासाठी तो उरत नाही; प्रमेयाला एक वाचक वाढला म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचे काही कमी होत नाही. जे वाटल्याने घटत नाही त्याच्याभोवती कुंपण घालून त्याचे भाडे वसूल करणे, याला अर्थशास्त्रात खंड म्हणतात. जमीनदारी गेली, हा खंड राहिला.

गणितज्ञांनी याविरुद्ध बंड केले नाही असे नाही. २००६ मध्ये ‘टोपॉलॉजी’ या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या सगळ्या संपादक मंडळाने किमतीच्या निषेधार्थ राजीनामा दिला आणि दुसरे नियतकालिक काढले. २०१२ च्या जानेवारीत केंब्रिजच्या टिमथी गॉवर्स यांनी एल्सव्हिअरसाठी लिहिणार नाही, तपासणार नाही असे जाहीर केले आणि हजारो संशोधकांनी त्यांच्यामागे सह्या केल्या. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, पॉल गिन्सपार्ग या भौतिकशास्त्रज्ञाने अमेरिकेत ‘आर्काइव्ह’ सुरू केले. छापण्याआधीचा निबंध लेखकाने तेथे ठेवावा आणि जगातील कोणीही तो फुकट वाचावा, अशी ही सोय. आज तेथे वीस लाखांहून अधिक निबंध आहेत. रशियातील ग्रिगोरी पेरेलमान यांनी पाँकारे यांचा शंभर वर्षे अडलेला प्रश्न सोडवला, तो २००२ आणि २००३ मध्ये येथेच तीन निबंध ठेवून. कोणत्याही नियतकालिकाकडे ते गेले नाहीत. पुढे आलेले पदक आणि दहा लाख डॉलरही त्यांनी नाकारले. म्हणजे शतकातील मोठ्यात मोठे प्रमेय आर्वीच्या अध्यापकाला त्याच दिवशी, त्याच किमतीत वाचता आले असते, ज्या दिवशी आणि ज्या किमतीत ते प्रिन्स्टनच्या प्राध्यापकाने वाचले.

‘आले असते’ असे म्हणावे लागते, कारण हे भांडार आहे हे सांगणारा माणूस तालुक्याच्या गावी सहसा नसतो. गणिताच्या वाङ्मयात शोध घेण्याचीही एक रीत आहे. नुसते गूगलवर नाव टाकून जे वर येईल ते उघडणे ही ती रीत नव्हे. आधी सूची पाहावी लागते. अशी एक मोठी सूची १९३१ साली जर्मनीत ओट्टो नॉयगेबाउर यांनी सुरू केली. जगात कोठेही गणिताचा निबंध प्रसिद्ध झाला की त्याचा परिचय तीत यावयाचा. नाझींनी ज्यू गणितज्ञांना तिच्यातून हुसकावण्यास सुरुवात केली तेव्हा १९३८ मध्ये नॉयगेबाउर बाहेर पडले आणि १९४० मध्ये अमेरिकेत त्यांनी दुसरी सूची उभी केली. गंमत अशी की आज अमेरिकेची सूची विकत घ्यावी लागते, आणि जर्मनीची जानेवारी २०२१ पासून सर्व जगाला मोफत आहे. ‘झेडबीमॅथ’ या नावाने ती मिळते आणि तीत चाळीस लाखांहून अधिक नोंदी आहेत. तेथे विषय शोधावा, कोणी कोणाचा आधार घेतला ते पाहावे, मग निबंध आर्काइव्हवर आहे का ते बघावे. नसल्यास लेखकाच्या विद्यापीठातील पानावर पाहावे. तेथेही नसल्यास लेखकाला सरळ पत्र लिहावे. पूर्वी यासाठी छापील पोस्टकार्डे असत आणि लेखक आपल्या निबंधाची सुटी प्रत टपालाने पाठवीत. आज ई-मेलला दोन दिवसांत उत्तर येते, कारण आपला निबंध कोणी मागावा याचा आनंद गणितज्ञाला क्वचितच मिळतो. फ्रान्समधील जुनी नियतकालिके ‘नुमदाम’ वर मोफत आहेत. आपल्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसचे गणितविषयक नियतकालिक तिच्या संकेतस्थळावर मोफत आहे. भारतातील प्रबंध ‘शोधगंगा’ वर आहेत. आयआयटीच्या अध्यापकांची व्याख्याने एनपीटेलवर ऐकता येतात. हाती पूर्णांकांची एखादी मालिका आली आणि ती पूर्वी कोणाला भेटली आहे का हे पाहावयाचे असेल, तर नील स्लोन यांनी १९६४ पासून जमवत आणलेला मालिकांचा कोश आहे. त्यात कापरेकरांच्या नावाच्या संख्याही आहेत.

हे सगळे सांगणे ग्रंथपालाचे काम. महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद वर्षानुवर्षे रिकामे राहते आणि त्याच्या खुर्चीवर कोणी कारकून पुस्तकांची देवघेव सांभाळतो. २०१० साली महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ ही योजना आली. अल्प वार्षिक वर्गणीत हजारो नियतकालिके आणि लाखांवर पुस्तके तिने खुली केली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु वर्गणी भरणे, अध्यापकांची नावे नोंदवणे, त्यांना परवलीचा शब्द देणे हे कोणी करावयाचे? आणि तासिका तत्त्वावरचा माणूस हा नोंदवहीत अध्यापक म्हणून धरावयाचा की नाही, यावरच जेथे एकमत नसते तेथे त्याच्या वाट्याला परवलीचा शब्द येणार कोठून? अशा माणसाला मग दुसराच मार्ग सुचवला जातो. पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके त्याला सापडतात, किंवा ती त्याला शोधून काढतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अशांना आळा घालण्यासाठी मान्य नियतकालिकांची यादी केली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद करून जबाबदारी संस्थांवर सोपवली. ज्या संस्थेकडे ग्रंथपाल नाही, ती चांगले-वाईट कसे निवडणार?

दुसरी वाट ‘साय-हब’ ची. कुंपणातील निबंध फुकट उघडून देणारे हे रशियन भाषकांच्या मुलखातून आलेले संकेतस्थळ भारतातील असंख्य संशोधकांनी वापरले. डिसेंबर २०२० मध्ये तीन परदेशी प्रकाशकांनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते बंद करण्याचा आदेश निघाला. कायद्याच्या दृष्टीने प्रकाशकांचे म्हणणे भक्कम असेल. ज्याला सरळ दाराने आत घेतले जात नाही तो खिडकी शोधतो, हेही तितकेच स्वाभाविक आहे. दाराचे काय झाले, ते पाहणे जास्त महत्त्वाचे.

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना मंजूर केली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशनगृहे, सुमारे तेरा हजार नियतकालिके. एकेका संस्थेने वेगळी वर्गणी भरण्याऐवजी देशाने एकदम भरावी, ही कल्पना योग्यच आहे. १९०७ च्या त्या वीस सभासदांची कल्पना तीच होती. परंतु वाचणार कोण? घोषणेचे शब्द असे की केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्था व केंद्राच्या संशोधनसंस्था यांना तिचा लाभ मिळेल. अशा संस्था सुमारे ६,३००, आणि त्यांतील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक मिळून एक कोटी ऐंशी लाख. आता अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाचा २०२१-२२ चा अहवाल उघडावा. देशातील महाविद्यालये ४५ हजारांवर, आणि चारांपैकी तीनहून अधिक खाजगी व्यवस्थापनाची. वर्धा जिल्ह्यात तर महाविद्यालय म्हणजे एखाद्या शिक्षणसंस्थेने चालवलेले, असेच जवळजवळ समीकरण आहे. पगार शासनाचा असला तरी व्यवस्थापन संस्थेचे. घोषणेच्या शब्दांत ती बसत नाहीत.

यातून जो देखावा उभा राहतो तो पाहण्यासारखा आहे. वर्ध्यात १९९७ पासून केंद्र सरकारचे महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे. ते हिंदी भाषा आणि साहित्य यांच्या संवर्धनासाठी स्थापन झाले. केंद्रीय विद्यापीठ म्हणून योजनेत त्याची जागा पक्की. तेव्हा बीजगणितावरची, विकलक समीकरणांवरची सगळी नियतकालिके तेथील वाचकांपुढे हात जोडून उभी राहतील. आणि त्याच शहरात, थोड्या अंतरावरच्या महाविद्यालयात जन्मभर गणित शिकवणारा माणूस तीस-चाळीस डॉलरचे दार पाहत बसेल. हा विश्वविद्यालयाचा दोष नव्हे. हक्क वाचकाला न देता इमारतीला दिला म्हणजे असेच होते.

मूळ कल्पना अशी नव्हती, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. २०२० च्या अखेरीस विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रम धोरणाचा जो मसुदा केंद्राने लोकांपुढे ठेवला, त्यात ही वर्गणी भारतातील प्रत्येक व्यक्तीसाठी असावी असे म्हटले होते. प्रत्येक व्यक्तीपासून ६,३०० संस्थांपर्यंत हा प्रवास चार वर्षांत झाला. पैशाचे गणित मांडावे तर वर्षाला दोन हजार कोटी भागिले एक कोटी ऐंशी लाख, म्हणजे माणशी अकराशे रुपये. प्रकाशकांना हा करार परवडला तो उगाच नव्हे. संगणकावरच्या निबंधाला आणखी वाचक मिळाले म्हणून प्रकाशकाचा खर्च वाढत नाही, तेव्हा आर्वीच्या अध्यापकासाठी त्याला वेगळे काही मोजावे लागणार नव्हते. मोजावे लागणार होते ते वाटाघाटी करणाऱ्यांच्या आग्रहाला. जर्मन करदात्याच्या पैशाने उभी असलेली सूची आर्वीत मोफत उघडते आणि भारतीय करदात्याच्या सहा हजार कोटींनी विकत घेतलेले निबंध आर्वीत उघडत नाहीत, याचा जाब कोणाला विचारायचा?

कार्यकर्त्याच्या मनात शंका येईल. कापसाला भाव नाही, शेतकरी आत्महत्या थांबत नाहीत, आणि गणिताच्या नियतकालिकांचे काय घेऊन बसायचे? शंका रास्त आहे. पण बंद दारामागे गणितच तेवढे नाही. बोंडअळीवरचा निबंध, भूजलावरचा निबंध, सिकलसेलवरचा निबंध याच तेरा हजारांत आहेत, आणि ते वाचण्याची गरज असलेला कृषिमित्र, तालुक्याचा डॉक्टर, पत्रकार हे कोणत्याच विद्यापीठाचे सदस्य नाहीत. गणित हे केवळ सर्वांत स्वच्छ उदाहरण. येथे दुसरे काहीच कमी नाही, म्हणून वाचनाची उणीव उघडी दिसते.

उपाय शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. या देशात ग्रंथालयशास्त्राचा पाया घालणारे शि. रा. रंगनाथन हे मुळात गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, आणि पुस्तक हे वापरण्यासाठी असते, ज्याचे पुस्तक त्याला मिळाले पाहिजे, हा विचार त्यांनी शास्त्राच्या पदवीला नेला. १९४८ चा मद्रासचा ग्रंथालय कायदा त्यांच्या खटपटीतून झाला. त्याच्याही तीन वर्षे आधी, १९४५ मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला होता. भारतातील तो पहिला. महाराष्ट्राने १९६७ मध्ये केला, पण मद्रासप्रमाणे ग्रंथालयासाठी उपकर बसवण्याचे टाळले. त्यामुळे येथील सार्वजनिक ग्रंथालय अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसते आणि त्याचा सेवक तुटपुंज्या वेतनावर दिवस काढतो. आठही तालुक्यांत वाचनालये आहेत. त्यांत कादंबऱ्या आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत. शोधनिबंध वाचण्याची सोय असावी असे कोणी मागितलेच नाही.

ज्ञानाला गावाच्या उत्पन्नातून वाटा द्यावा, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ सालचा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि त्याला स्थानिक निकुंभ राजांनी देणगी दिली, हे त्यावरून कळते. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि त्यात मठासाठी बाजारातील विक्रीवर आणि तेलाच्या घाण्यांवर लावून दिलेला वाटा नोंदलेला आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ चा अभ्यास पाटणच्या तेल्याच्या पळीभर तेलावर चालावा, अशी ती व्यवस्था होती. राजा राजासारखा वागला, त्याने बाजाराकडून वसूल केले. परंतु त्या वसुलीचा विनियोग गावातच झाला, हे विसरता येत नाही.

सध्याच्या कराराची मुदत ३१ डिसेंबर २०२७ रोजी संपते. नव्या वाटाघाटी त्याआधीच होतील, आणि त्या वेळी तीन गोष्टी करारात घालून घेता येतील. अनुदानित महाविद्यालये, त्यांतील तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांसह, योजनेत आली पाहिजेत. प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालयात निदान एका संगणकावर कोणाही नागरिकाला, ओळखपत्राखेरीज काही न विचारता, ही नियतकालिके वाचता आली पाहिजेत. आणि भारतीय संस्थांची स्वतःची नियतकालिके तरी कुंपणाबाहेर राहिली पाहिजेत. राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे गणिताचे नियतकालिक १९७० मध्ये भारतात सुरू झाले आणि आज ते परदेशी प्रकाशनगृहामार्फत विकले जाते, याचे समर्थन करणे कठीण आहे. तोपर्यंत जे हाती आहे तेही थोडके नाही. आर्काइव्ह, झेडबीमॅथ, नुमदाम यांची माहिती देणारे चार पानांचे मराठी पत्रक एखाद्या अध्यापक संघटनेने काढून आठही तालुक्यांच्या महाविद्यालयांत आणि वाचनालयांत लावले, तर त्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. जिल्हा ग्रंथालयात महिन्यातून एका रविवारी एखाद्या निवृत्त ग्रंथपालाने बसावे आणि येणाऱ्याला शोध कसा घ्यावा ते दाखवावे. संसदेत प्रश्न विचारण्यासाठी खासदारांना द्यावयाच्या निवेदनाला जोडण्यास, जिल्ह्यातील किती महाविद्यालयांत ग्रंथपालाचे पद रिकामे आहे आणि किती अध्यापकांना ई-नियतकालिके उघडता येतात, एवढी यादी पुरेल. ती तयार करण्यास आठ तालुक्यांत आठ कार्यकर्ते आणि एक महिना लागेल.